चार ठोक्यांची मोकळी जागा

खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथे होते, आणि चाकू माझ्याच हातात होता.

साल १७५८. बोहेमियातल्या आमच्या काउंटसाहेबांचा महाल. सहा जानेवारी, तीन राजांचा सण, भर दुपार.

माझा धाकटा भाऊ वोयतेख तिथे व्हायोलिन वाजवायचा. मी वादकांसाठी स्वरलिपी उतरवून द्यायचे. आमचे प्रमुख रायखेल मास्तर नोव्हेंबरात वारले. कोणी रडलं नाही. तो माणूस जाड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा, आणि कोणी चुकलं की तीच काठी बोटांवर. काश्पर तुतारी वाजवायचा. त्याची दोन बोटं मास्तरांनीच मोडली होती.

पुरताना काठी शवपेटीत काश्परनेच ठेवली. स्वतःच्या हातांनी.

काउंटसाहेब वोयतेखला म्हणाले, "सणाला नवी सिंफनी ऐकव. जमली तर मास्तर तू. नाही जमली तर गणवेश उतरव आणि फौजेच्या गाडीत बस."

युद्ध चालू होतं. त्या गाडीतून गेलेलं कोणी परत येत नव्हतं.

वोयतेख वाजवायचा छान, पण त्याला रचता काही यायचं नाही. म्हणून आम्ही मास्तरांची कागदपत्रांची पेटी उघडली. तळाशी त्यांची शेवटची सिंफनी होती, कोणीच न ऐकलेली. मी चाकूने त्यांचं नाव खरवडलं आणि भावाचं लिहिलं.

शेवटाच्या जरा आधी चार ठोक्यांची मोकळी जागा होती. तिथे सगळ्यांनी गप्प राहायचं.

पहिली तालीम. वादक त्या जागेला आले, थांबले...

ठक्. ठक्. ठक्. ठक्.

दगडी फरशीवर काठी.

"म्हातारा नरकातूनसुद्धा ताल देतोय!" काश्पर हसला. बाकी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या तालमीलाही तेच. वोयतेख पांढराफटक पडला.

"ताई, लोकांसमोर असं झालं तर मी मेलो गं."

"मग ती जागाच ठेवायची नाही," मी म्हटलं. "गप्प बसायला जागाच नसेल तर तो वाजवणार कुठे?"

फार हुशारी वाटली होती मला त्यात. मी प्रत्येकाच्या पानावरून ती जागा खरवडली आणि अलीकडचे-पलीकडचे सूर जोडून टाकले.

सणाच्या दुपारी दिवाणखाना पाहुण्यांनी भरला होता. अंगणात फौजेची गाडी उभी होती. मी दाराशी.

सिंफनी सुरू झाली. वोयतेख पुढे उभा राहून वाजवत होता. ती खरवडलेली जागा जवळ आली...

काहीच नाही.

सूर पुढे गेले. काठी नाही, आवाज नाही. वोयतेखने माझ्याकडे बघून डोळा मारला. सुटलो, असं वाटलं मला.

आणि मग...

ठक्.

आवाज फरशीचा नव्हता. सुकी काटकी मोडावी तसा होता.

वोयतेखच्या डाव्या हाताची करंगळी उलटी वळली होती.

तो ओरडला. पण त्याचा हात व्हायोलिनवरून सुटेना. उजवा हात गज ओढतच राहिला. काश्पर उठून धावायला गेला, पण त्याच्या ओठांवरची तुतारी निघेना. एकालाही थांबता येत नव्हतं.

ठक्. अनामिका.

ठक्. मधलं बोट.

रक्त तारांवरून त्याच्या बाहीत उतरत होतं. तो माझ्याकडे बघत होता. "ताई... थांबव... ताई..."

मी धावले, त्याच्या मनगटाला लोंबकळले. ते मनगट आधीच कोणीतरी धरलेलं होतं. थंड, हाडकुळा, नखं वाढलेला हात. दिसला नाही, पण माझ्या बोटांना लागला. शपथेवर सांगते.

ठक्.

चार झाले. तेव्हाच सगळ्यांचे हात सुटले.

चार मोडक्या बोटांचा माणूस फौजेने नेला नाही. काउंटसाहेबांनी गणवेशही काढून घेतला. वोयतेख आता माझ्याकडे असतो. त्याच्या ताटातलं मीच कापून देते. तो मला कधी दोष देत नाही. तेच सहन होत नाही.

मी अजून स्वरलिपी उतरवते. मूळ पानावर असो वा नसो, शेवटाआधी चार ठोके मोकळे सोडते. रचणारे शिव्या देतात. देऊ देत.

पण एक विचार डोक्यातून जात नाही. वोयतेखने त्या पानांना चाकू लावलाच नव्हता. नाव मी खरवडलं, जागाही मीच.

माझी दहाही बोटं अजून शाबूत आहेत.