एवढं पान होऊ दे

छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणायचे. पानावरची एखादी मात्रा गळली असेल तर बाईंना ती उंबऱ्यावरूनच दिसते, अशी तिची ख्याती. नाव ठेवणाऱ्यानं ते कौतुकानं ठेवलं होतं की वैतागून, हे तिनं कधी विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीनं खोडत आली होती, आणि त्यातली निम्मी वर्षं तो दुसरा माणूस म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण होती.

ताई अनुवाद करायची. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका अमेरिकन लेखिकेनं रहस्यकादंबऱ्यांची मालिका लिहिली होती, चांगली बारा पुस्तकांची. त्यातला गुन्हे शोधणारा माणूस म्हणजे एक म्हातारा घड्याळजी. मोठ्या घरांतली घड्याळं दुरुस्त करायला यायचा आणि निघताना खुनी दाखवून जायचा. 'वार कोणी केला ते मागाहून बघू, आवाज कोणी ऐकला ते आधी सांगा,' हे त्याचं पालुपद. वाचक त्या वाक्यावर फिदा होते, आणि ताईच्या भाषेवरही. ताईचं वाक्य मुळात कसं लंगडत यायचं आणि कोणाच्या हातून सरळ चालायला लागायचं, हे मात्र एकट्या मात्राबाईला ठाऊक होतं. मुखपृष्ठावर ताईचं नाव. आत छापखान्याचा पत्ता, चित्रकाराचं नाव, झालंच तर बाइंडरचंही. मुद्रितशोधकाचं नाव अकरा पुस्तकांत कुठेच नाही.

दोघी बहिणी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच घरात राहायच्या. ताई विधवा, तिची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. धाकटीनं लग्नच केलं नव्हतं. काम करायची पद्धत ठरलेली. ताईला दमा, म्हणून ती आतल्या खोलीत पलंगावर उशीला टेकून आपली हस्तलिखित प्रत मोठ्यानं वाचायची, अगदी विरामचिन्हांसकट: 'दार बंद होतं स्वल्पविराम पण कडी नव्हती पूर्णविराम.' बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून मात्राबाई छापील प्रूफावर ओळीखाली पट्टी सरकवत जायची. मध्येच कोणी हाक मारली, दूध उतू गेलं, दाराची घंटा वाजली, तरी दोघींचं उत्तर एकच: "एवढं पान होऊ दे, आले." भाची हसायची. म्हणायची, घराला आग लागली तरी या दोघी आधी पान संपवतील.

बारावं पुस्तक चालू असतानाच ताई गेली. पाच वर्षांपूर्वी, दुपारी अडीचच्या सुमाराला. दम्याचा झटका आला आणि पंप हाताशी नव्हता. भाची धावत आली तेव्हा सगळं संपलं होतं. अनुवाद अर्धाच राहिला, असं मात्राबाईनं सगळ्यांना सांगितलं.

राहिला नव्हता. शेवटचं प्रकरण ताईनं त्याच सकाळी पुरं केलं होतं. पुढे प्रकाशकानं बाराही पुस्तकांचा संच काढायचं ठरवलं, तेव्हा मात्राबाईनं ताईची वही समोर ठेवून पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवलं. वही बादलीत भिजत घातली, शाई सुटू दिली आणि लगदा पिळून कचऱ्यात टाकला. प्रकाशकाला सांगितलं, ताईची सुरुवातीची पानं कामाची नव्हती, सगळा अनुवाद नव्यानं मीच केलाय. आयत्या बिळावर नागोबा, असं तिला म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. ती स्वतः तर म्हणणार नव्हतीच. आयुष्यभर ज्या भिंती तिनं लिंपल्या, त्यांतल्या एका घरावर तिच्या नावाची पाटी लागणार होती, इतकंच तिचं म्हणणं.

पहिलं प्रूफ आलं. शीर्षकपानावर 'अनुवाद' या शब्दाखाली तिचं नाव, एकही मात्रा न चुकलेलं. ते तिनं दोनदा वाचलं आणि कामाला लागली.

एकेचाळिसाव्या पानावर स्वयंपाकीण घड्याळजीशी बोलत होती. त्या बोलण्याच्या मधोमध, कशाशी काही संबंध नसताना, वाक्य होतं: 'एवढं पान होऊ दे, आले.'

मात्राबाईनं आपली प्रत काढून पाहिली. प्रतीत ते नव्हतं. तिनं वाक्य खोडलं, समासात खोडल्याची खूण केली आणि अक्षरं जुळवणाऱ्याला फोन केला. तो गेली दहा वर्षं तिच्या हाताखाली बोलणी खाऊन तयार झालेला. म्हणाला, "बाई, मी कशाला पदरचं घालू? तुमच्या प्रतीत असेल तेच मी टाकतो."

दुसऱ्या प्रूफात एकेचाळिसावं पान स्वच्छ होतं. सत्त्याण्णवाव्या पानावर ते वाक्य एका वकिलाच्या तोंडी आलं होतं, आणि एकशेतिसाव्यावर कोणाच्याच नाही, नुसतंच, दोन परिच्छेदांच्या मध्ये. तिनं दोन्ही खोडली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिसऱ्या खेपेला ती स्वतः त्याच्या दुकानात गेली. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, समोरच्या गॅरेजमध्ये कोणी पत्रा ठोकत होतं. त्यानं पडद्यावर एकेक पान दाखवलं. ते वाक्य कुठेच नव्हतं. त्यानं शोधूनही दाखवलं. यंत्रानं सांगितलं, सापडत नाही. मग तिच्यासमोर छापलं. कागद अजून गरम होते. तिसऱ्याच पानावर ते होतं, पुढे सातव्यावर, अकराव्यावर. तो पानांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "बाई, हे तर तुम्ही नेहमी म्हणता," तो हळूच म्हणाला. तिनं गठ्ठा उचलला आणि घरी आली. खोडण्याच्या कामात तिची मात्रा पहिल्यांदाच चालत नव्हती.

खाई त्याला खवखवे. त्या वाक्याची खवखव कशाची, हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

ताई गेली त्या दुपारी ती बाहेरच्या खोलीत ताईचं शेवटचं प्रकरण वाचत होती. पुस्तकातली म्हातारी मालकीण वरच्या खोलीत घंटेची दोरी हातात धरून मेलेली असते. घरातले सगळे सांगतात, घंटा ऐकूच आली नाही. तिची सोबतीण खाली विणत बसलेली. घड्याळजी आता बोलणार, एवढ्यात ताईची हाक आली. आधी तिचं लहानपणीचं नाव. मग नुसतं "अगं". मात्राबाई म्हणाली, "एवढं पान होऊ दे, आले." पान झालं. तिनं ते उलटलं. पुढच्या पानावर इतकं सुंदर वाक्य होतं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नव्हतं. ताईला आपली गरज उरली नाही, हे तिला त्या वाक्यावर कळलं. इतका कडू घोट तिनं उभ्या जन्मात गिळला नव्हता. तिसऱ्यांदा हाक आलीच नाही. पलंगाच्या लाकडावर बोटांनी ठोकल्याचा आवाज आला, तीनदा. आणि पंप बाहेर, तिच्याच टेबलावर होता.

ती प्रकरण संपवून उठली.

शेवटचं प्रूफ घ्यायला भाची आली. प्रकाशकाकडे पोचवते म्हणाली, तेवढंच आईचं काम केल्यासारखं होईल. सकाळचे अकरा वाजले होते. तिनं पर्स दारामागच्या खुंटीला अडकवली, मावशीच्या खुर्चीच्या अगदी पाठीशी. दमा तिनं आईकडून घेतला होता. पर्समध्ये पंप असायचाच.

या प्रूफात ते वाक्य नव्हतं. मात्राबाईनं रात्रभरात दोनशे अकरा पानं दोनदा तपासली होती. एक पान राहिलं होतं, शेवटचं. ते झालं की खाली 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही करायची.

भाची समोर बसली. शीर्षकपान बघून म्हणाली, आईला आवडलं असतं. थोडा वेळ पेन्सिलीशी चाळा करत राहिली.

"मावशी, एक विचारू? पाच वर्षं विचारीन विचारीन म्हणतेय. रागावू नकोस."

"विचार."

"आईनं हाक नव्हती मारली? एकदाही?"

टेबलावर दोन्ही पानं शेजारीशेजारी होती, नावाचं आणि शेवटचं. भाचीचे डोळे थेट ताईचे. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? पोर रडली असती, कदाचित पुन्हा या घराची पायरी चढली नसती. त्या पाटीवरचं नावही गेलं असतं. पण सांगता आलं असतं. ते सांगण्याची वेळ हीच, हे मात्राबाईला स्वच्छ कळत होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "मारली असती तर मी उठले नसते का?"

भाचीनं मान हलवली. डोळे पुसले, चहा टाकते म्हणाली आणि आत गेली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला, नळ सुटला. मात्राबाईनं पट्टी शेवटच्या पानाच्या पहिल्या ओळीखाली ठेवली.

घड्याळजी सोबतिणीला विचारत होता, घंटा किती वेळा वाजली. ओळ सरकली. सोबतीण विणकाम खाली ठेवत होती. आतल्या खोलीत, रिकाम्या पलंगाच्या बाजूनं, कोणी हलकेच म्हणालं, "पूर्णविराम."

तिनं वर पाहिलं नाही. मुद्रितशोधक ओळ सोडून वर बघत नाही.

आत भाची खोकली. साधा खोकला. मग पुन्हा, लांबलेला.

"मावशी, जरा माझी पर्स देतेस?"

पर्स हातभर अंतरावर होती. उठायचंच होतं. तिनं टेबलाला हात टेकला, आणि तिच्या तोंडून तिचाच नेहमीचा आवाज निघाला.

"एवढं पान होऊ दे, आले."

पट्टी खाली सरकली. सोबतीण बोलत होती. वाक्य सुंदर होतं. ते प्रतीत नव्हतं, पण त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. पुढची ओळ त्याहून चांगली होती.

"स्वल्पविराम," आतला आवाज म्हणाला.

"अगं मावशी..."

नळ वाहत होता. तिला उठायचं होतं. फक्त एवढं पान. तिनं पट्टी सरकवली. पुन्हा सरकवली. मनातल्या मनात ती ओळी मोजायला लागली. मोजायची सवयच होती तिला.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटांनी ठोकल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा.

या पुस्तकाच्या पानाला बत्तीस ओळी होत्या. तिची पट्टी सत्तेचाळिसाव्या ओळीखाली होती.