जपानी दालनातला पिवळा बुद्ध

आशियाई कलेच्या या विशाल संग्रहालयातून परवानगीशिवाय माशीसुद्धा बाहेर पडू शकत नाही, असं संचालक नेहमी सांगत. वीतभर उंचीचा ब्राँझचा जपानी बुद्ध मात्र रविवारी संध्याकाळी दिनकर साठ्याच्या बॅगेतून नोएडाला गेला आणि मंगळवारी सकाळी परतही आला.

संग्रहालयात हे दोघांनाच ठाऊक होतं: दालनप्रमुख दिनकरला आणि पहारेकरी सुखदेवला. सोमवारच्या सुट्टीत घरी निवांत कॅटलॉग लिहावा, एवढाच दिनकरचा हेतू. बायकोनं, अलकानं, बांधून दिलेलं पुडकं न उघडताच त्यानं सुखदेवच्या हाती दिलं.

दहा वाजता काचेआड हिरवट-काळ्या बुद्धाच्या जागी पिवळाधमक बुद्ध दिसला.

"असली कोई ले गया, मुरादाबादी पीतल रख गया!" संचालक गरजले. सुखदेव सस्पेंड. पाच वाजता पोलीस येणार. तोवर चौकशी प्रयोगशाळेच्या श्रावस्ती मेश्रामकडे.

"किल्ली कुणाकडे असते, काका?" तिनं सुखदेवला विचारलं.

"माझ्याकडं."

"आणखी कुणी हात लावला?"

"नाही."

दिनकर शेजारीच उभा होता. सुखदेवनंच मूर्ती बदलली असणार, असं तो मनाला समजावत होता. मन ऐकत नव्हतं.

श्रावस्तीनं मूर्ती तोलली. वजन नोंदीपेक्षा दोनच ग्रॅम कमी. डावा कान तुटका, जुन्या फोटोत होता तसाच. मग तिनं मूर्ती हुंगली आणि वस्त्राच्या घडीतून टाचणीनं एक तपकिरी धागा काढला.

"काल काय होतं, सर?"

"सोमवार. सुट्टी."

"पाडवा होता. तुमच्याकडे देव कशानं घासतात?"

दिनकर खाली बसला. "चिंचेनं."

"मूर्ती बदललीच नाही. वजन तेच, कान तोच. गेला तो दोनशे वर्षांचा हिरवा थर. चोर काही चिंच लावत बसत नाही. काका बौद्ध, त्यांच्या घरी देव्हारा नाही. इथं पाडव्याला देव उजळणारं मराठी घर एकच, आणि काकांकडून मूर्ती मागून नेऊ शकणारा साहेबही एकच."

दिनकरनं घरी फोन लावला.

"अलका, ती मूर्ती..."

"लखलखीत झाली ना? देवांबरोबर घासून टाकली. पण काय हो, जपानात चिंच मिळत नाही का?"

फोन ठेवून तो सुखदेवकडे वळला. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"माझा शब्द कोण धरणार, साहेब? अन् तुम्हीच बोलाल, म्हणून थांबलो होतो."

दिनकरनं कबुलीजबाब स्वतःच्या हातानं लिहिला. सुखदेवचं निलंबन चार वाजता रद्द झालं आणि तो दालनात जाऊन स्टुलावर बसला.

त्या दिवशी जपानी दालन बघायला कुणीही आलं नव्हतं.