एकशेत्रेचाळीस फ्रेम

दिवे राहू द्या बंदच. मशीनवर सिनेमाची चित्रं तयार होताहेत, रेंडर संपायला अजून दोन तास आहेत, तेवढाच डोळ्यांना आराम. बसा. आणि तू तो मोबाईल खाली ठेव रे, तुझ्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

मघाशी तुमच्यातलाच कोणीतरी म्हणाला, "माणूस पुसायला काय लागतं, बटण दाबलं की झालं." ऐकलं मी. कान अजून शाबूत आहेत. तर असाच एक पुसणारा माझ्या ओळखीचा होता. इथलाच, याच मजल्यावरचा. त्याचं काय झालं ते सांगतो. पटलं तर पटलं, नाहीतर रेंडरची वाट बघत बसा.

त्याला आम्ही बोळा म्हणायचो. पाटीवर ओला बोळा फिरवावा तसा हा पडद्यावरून माणूस नाहीसा करायचा. हिरोच्या कमरेला बांधलेल्या तारा, काचेत चुकून दिसलेला कॅमेरावाला, मागं पंखा धरून उभा असलेला कुणी. हात फार चांगला होता, हे कबूल करतो. माणूस मात्र अगदी टाकाऊ. पडद्यावरच्या या लोकांना तो 'कचरा' म्हणायचा. "आज सात जणांचा कचरा काढला," असं जेवताना तोंडात घास असताना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

डिसेंबरातला दुसरा गुरुवार. संध्याकाळी साडेपाचला त्याला निर्मात्याच्या ऑफिसातून एक हार्ड डिस्क आणायला पाठवलं. दहा मिनिटांची वाट, चालत गेला. एरवी असल्या डिस्क दारावरचा माणूस हातात ठेवतो. त्या दिवशी निर्मात्यानं स्वतः आत बोलावलं. या निर्मात्याचे चार सिनेमे ओळीनं पडले होते, पण टेबल एवढं मोठं की समोरच्याला ऐकू जावं म्हणून आवाज चढवावा लागे.

"छतावरनं उडी मारायचा शॉट आहे," निर्माता म्हणाला. "मागं तो दोर धरणारा दिसतोय. काढून टाक."

"काढतो की, साहेब. रोजचंच आहे."

"मूळ फुटेजमधूनसुद्धा."

आता हे तुम्हाला कळायला हवं. आपल्या कामात एकच गोष्ट पाळायची असते, ती म्हणजे मुळाला हात लावायचा नाही. नक्कल काढायची, तिच्यावर काय ते करायचं. चुकलं तरी मूळ सुरक्षित राहतं. मुळावरच पुसलं की तो माणूस त्या दिवशी तिथं होता याचा जगात पुरावा उरत नाही.

निर्मात्यानं पुढचंही सांगितलं. "कुणी विचारलं तर तो त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. दारू पिऊन स्वतःच्या घराच्या जिन्यावरून पडला आणि मेला. बाकीच्या लोकांशी मी बोललोय." म्हणजे त्यांना पुढचं काम हवं असेल तर गप्प बसायला सांगितलं होतं, आणि ते बसले होते.

बोळ्यानं एकच प्रश्न विचारला. पुढच्या सिनेमात सुपरवायझर म्हणून नाव येईल का? येईल म्हटल्यावर डिस्क बगलेत मारून परत आला. मला आजही त्याची किळस येते.

सात वाजता एक बाई आली. खाली रखवालदारानं अडवलं, तरी वर आली. त्या दोरवाल्याची बायको. जिना चढून धाप लागलेली. बोळाच दारापाशी उभा होता.

"दादा, छतावरचा तो शॉट तुमच्याकडे आलाय ना? माझ्या नवऱ्याच्या कामावरच्या जोडीदारानं मला गुपचूप सांगितलं."

"कुठला शॉट? इथं शंभर येतात."

"मला बघायचा नाहीये हो. बघवणारही नाही. आहे, एवढंच सांगा. सोमवारी कामगार अधिकाऱ्यासमोर भरपाईची सुनावणी आहे. माझ्या नवऱ्यानं कधी थेंबाला हात लावला नाही, आणि आता सगळे त्याला दारुडा म्हणताहेत. माझा पोरगा विचारतो, बाबा खरंच पिऊन पडले का. त्याला काय सांगू मी?"

"बाई, असलं काही आमच्याकडे येत नाही. तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय."

ती मग हळूच "बरं" म्हणाली आणि उतरून गेली. मी इथंच, या खुर्चीत बसलो होतो. मला ऐकू येत होतं. मी काय केलं? पडद्यात तोंड घालून बसलो. बोळ्याला शिव्या घालतोय म्हणून मी फार मोठा लागून गेलो, असं समजू नका.

नऊ वाजता सगळे गेले. बोळा एकटा कामाला बसला, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर. अंगात राखाडी स्वेटर, डाव्या कोपरावर उसवलेला. शॉट होता एकशेत्रेचाळीस फ्रेमचा, म्हणजे जेमतेम सहा सेकंद. हिरो छताच्या कठड्यावरून उडी घेतो. मागं दोरवाला, कमरेला जाड पट्टा, हिरोला बांधलेला दोर धरून उभा. शंभराव्या फ्रेमला दोर अडकवलेला खिळा निसटतो. दोर सुटत नाही, कारण या माणसानं तो सोडलेला नसतो. सोडला असता तर हिरो गेला असता. मग दोर त्यालाच ओढत नेतो. एकशेचाळिसाव्या फ्रेमला त्याचे पाय छतावर नसतात.

हे बोळ्यानं झूम करून बघितलं. फ्रेम-फ्रेमनं. आणि काय म्हणाला असेल? "सावली लांब आहे, वेळ जाणार."

काम मात्र बघण्यासारखं केलं त्यानं. प्रत्येक फ्रेमला पेननं माणसाची कड आखली, बोटं आणि केससुद्धा. रिकाम्या छताचा वेगळा शॉट घेतलेला असतो, त्यातला तुकडा उचलून तिथं बसवला. भिंतीवरची सावली काढली. चित्रावर जे बारीक कण असतात ते आजूबाजूला मिळवून घेतले. तुमच्यासारखे नवशिके तेच विसरतात आणि मग तिथं साबणाचा डाग पडल्यासारखं दिसतं. याचं तसं नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी काम संपलं. त्यानं मूळ फाईल उघडली आणि तिच्यावर नवी चढवली. "बदलू का?" असं मशीननं विचारलं. त्यानं हो केलं.

आणि शॉट चालवून बघितला.

हिरोनं उडी घेतली. मागं... कोणीतरी उभं होतं.

बोळा वैतागला. जुनीच फाईल चालू राहिली असेल. बंद केली. पुन्हा उघडली.

उभं होतं.

पण तो दोरवाला नव्हता. तो उंच होता. हा बुटका. अंगात राखाडी स्वेटर. बोळ्यानं झूम केलं. डावं कोपर उसवलेलं.

त्यानं स्वतःच्या कोपराकडे बघितलं.

त्या छतावर तो जन्मात गेला नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. म्हणून तो कड शोधायला लागला. चिकटवलेला माणूस कुठेतरी पकडला जातोच. कानामागं, बोटांच्या फटीत, पायाखाली. चारशे पट मोठं करून बघितलं. कड नव्हती. कण जुळत होते. सावली जुळत होती. वाऱ्यानं स्वेटरची बाही हलत होती, हिरोच्या शर्टाबरोबर, त्याच फ्रेमला. असं काम त्याला स्वतःलाही जमलं नसतं. कुणालाच नाही. हे कुणी बनवलेलं नव्हतं. हे कॅमेऱ्यानं टिपलेलं होतं.

आता इथं कुठलाही माणूस काय करेल? उठेल. पळेल. त्या बाईचं घर शोधून पायावर डोकं ठेवेल.

बोळ्यानं पेन उचललं आणि स्वतःला पुसायला घेतलं.

हसू नका. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, 'तो होता' एवढंच. त्यापेक्षा स्वतःला पुसणं सोपं वाटलं. सकाळी नऊला शॉट द्यायचा होता ना.

पहिली फ्रेम. दुसरी. पन्नासावी. स्वतःचे खांदे आखले. स्वतःचे केस. मग कमरेभोवती काहीतरी आवळल्यासारखं वाटलं. पट्टा नव्हता घातलेला.

शंभरावी. पडद्यातल्या त्याच्या हातातून दोर सरकला. टेबलावरचे त्याचे तळवे... भाजले.

तरी थांबला नाही.

एकशेवीस. एकशेतीस. खुर्ची जागची हलली. चाकं आहेत तिला, म्हणाला मनाशी. पुन्हा हलली. खिडकीच्या बाजूला.

एकशेचाळीस. पाय जमिनीला लागेनात.

एकशेत्रेचाळीस. पडद्यातला तो वर बघत होता. याच्याकडे.

पुसला.

...

पाच वाजून वीस मिनिटं. शॉट चालवला. रिकामं छत, हिरोची उडी, बाकी काही नाही. फाईल पाठवून तो घरी गेला. निर्मात्याचा निरोपही आला, काम झकास झालंय म्हणून.

शुक्रवारी दुपारी तो कामावर आला, तर दारावरचं चेहरा ओळखणारं यंत्र त्याला आत सोडेना. 'समोर उभे राहा,' म्हणत राहिलं. तो समोरच उभा होता. रखवालदारानं हातानं दार उघडलं. नंतर स्वच्छतागृहात जाऊन त्यानं मोबाईलवर स्वतःचा फोटो काढला. मागच्या फरशा आल्या, नळ आला. तो नाही आला. आरशात होता, तुमच्या-आमच्या डोळ्यांना दिसत होता. कॅमेऱ्याला तेवढा दिसेना. शनिवारी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्यानं तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मागचा निळा पडदा छापून आला. फोटोवाल्यानं पैसे नको म्हणून सांगितलं आणि दुकान बंद केलं.

सोमवारी बोळा सुनावणीला हजर. अंगाला घाम, तळव्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या. त्याला पश्चात्ताप झाला असं कुणी म्हणू नका. तो घाबरला होता. पुसलेलं परत आणता आलं तर आपणही परत येऊ, एवढाच हिशोब. स्टुडिओतर्फे मला पाठवलं होतं, म्हणून हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गुरुवारपासून काय काय झालं ते त्यानं मला तिथंच बाकावर सांगितलं.

खोली छोटी. एक टेबल, अधिकारी, त्यांचा कारकून, निर्मात्याचा वकील. भिंतीला टेकून ती बाई. निर्मात्यानं दिलेला शॉट सगळ्यांनी बघितला, रिकामं छत. वकिलानं हात झटकले. मग बोळा उठला आणि म्हणाला, मला जबाब द्यायचाय.

जबाब व्हिडिओवर घ्यायचा नियम होता. कारकुनानं कॅमेरा लावला. बोळा खुर्चीत बसून अकरा मिनिटं बोलला. तो होता, मी पुसला, मला सांगितलं होतं, माझा काय दोष, मी नोकर माणूस. सगळं रडगाणं. बाईनं एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

"नीट आलंय का बघा," अधिकारी म्हणाले.

कारकुनानं चालू केलं. पडद्यावर तीच खोली, तीच खुर्ची. मी मनात म्हटलं, खुर्ची रिकामी असणार.

रिकामी नव्हती.

खुर्चीत एक उंच माणूस बसला होता. कमरेला जाड पट्टा. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. तो आधी जरा थांबला. बोलायची सवय नसलेली माणसं थांबतात तसा.

"मी कामावर होतो," म्हणाला. "शुद्धीत होतो. दोर माझ्या हातात होता. सोडला नाही."

वकील उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. कारकुनाचा हात बटणावर तसाच. बोळा शेजारीच बसला होता, तोंड उघडं टाकून. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

पडद्यावरचा माणूस अकरा मिनिटं बोलला. शेवटी मुलाचं नाव घेतलं. ते नाव त्या खोलीत तोपर्यंत कुणीच उच्चारलं नव्हतं. मग चित्र थांबलं.

अधिकाऱ्यांनी मान बाईकडे वळवली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई... यांना ओळखता?"

बाईनं भिंतीजवळची खुर्ची उचलली, पडद्याच्या अगदी समोर आणून ठेवली, पदर सावरून बसली.

"परत लावा," म्हणाली.