जळालेल्या टेकडीवरची मोजणी

"श्श! दहा मिनिटं एक शब्द नको."

माझं त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे! समोरचा मुलगा खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन तसाच थबकला... आणि खरंच दहा मिनिटं गुपचूप माझ्याकडे बघत राहिला. मी पक्षी मोजत होते. म्हणजे, मोजायचा प्रयत्न करत होते.

म्हसरूळपलीकडच्या त्या उघड्याबोडक्या टेकडीवर आमच्या निसर्गप्रेमी गटानं आठ वर्षं झाडं लावून, जगवून जंगल परत आणलं होतं. मार्चमध्ये वणवा लागला आणि अर्धी टेकडी काळी झाली. मोजणी आधीही अधूनमधून व्हायची, पण तेव्हापासून दर रविवारी सकाळी ठरलेल्या सहा जागी दहा-दहा मिनिटं उभं राहायचं, दिसेल तो पक्षी वहीत लिहायचा, हे माझं काम.

"झाली का मोजणी, मॅडम?"

"झाली. आणि मॅडम नाही, सई."

"मी कुंदन. खाली आमचा झेंडूचा मळा हाय."

पुढच्या रविवारीही तो आला, होरपळलेल्या रोपांना पाणी घालायला. त्याच्या पुढच्याही. मी झाडांकडे कमी आणि पायवाटेकडे जास्त बघू लागले, हे कबूल करते.

"पक्षी वाढलेत!" एकदा मी खुशीत वही त्याच्यापुढे नाचवली. "कोतवाल तर दुप्पट!"

"तुमी हसताना लय छान दिसता..." तो अडखळला. "पण ते पाहुणे हायेत, सई. जळाल्यावर किडे उघडे पडतात, ते खायला आलेत. जातील. तित्तर किती दिसले?"

मी पानं उलटली. वणव्याआधी अकरा. आता एकही नाही.

"गवतात अंडी होती त्यांची. मी बघितली होती," तो म्हणाला आणि मान फिरवून डोळे पुसू लागला. पक्ष्यांसाठी रडणारा मुलगा! मी तिथेच विरघळले.

मे महिन्यात टेकडीवरच गटासाठी मोजणीचा अहवाल लिहायला बसले, तेव्हा तो शेजारीच होता.

"आगीचं कारण... माहीत नाही, असं लिहिते."

"नका लिहू." त्याचा चेहरा उतरला होता. "आमी दरसाल लागवडीआधी बांधावरचं गवत जाळतो. त्या दिवशी वारा पडलेला वाटला, म्हणून मी काडी लावली. वारा फिरला. ओल्या फांदीनं झोडपत राहिलो... नाय विझलं."

"आणि इतके दिवस गप्प?"

"सांगितलं असतं, तर तुमी परत बोलला नसता."

मला भयंकर राग आला. आठ वर्षं! ती अंडी! मी दात-ओठ खात लिहिलं – शेताचा बांध जाळताना. आणि वही त्याच्यापुढे आपटली. त्यानं वाचलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

"उद्या वनखात्यात जाऊन सांगतो," तो म्हणाला.

"गुन्हा नोंदवतील."

"नोंदवू दे."

तो कॅन उचलून उतरायला लागला. मी त्याला वळणापर्यंत जाऊ दिलं, मग हाक मारली.

"किती वाजता निघणार आहेस?"

"धा वाजता... का?"

"मीही येते. खूप चिडलेय मी तुझ्यावर, कुंदन, आणि अजून बरेच दिवस चिडलेली राहणार आहे. पण तू मला आवडतोस... हे मात्र तिथे सांगू नकोस!"