कायम सज्ज

पुण्याच्या प्रमाणन प्रयोगशाळेत समिती सकाळपासून बसली होती आणि चहाचा तिसरा फेरा होऊनही मतदान झाले नव्हते. वाद एका प्रतिमानाचा होता. कोणतेही विद्युत-मंडल कारखान्यात घडवण्याआधी संगणकात चालवून पाहतात. तिथे प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या जागी त्याचे गणित उभे असते. ते गणित म्हणजे प्रतिमान. वीस वर्षे वापरात असलेल्या जुन्या प्रतिमानाच्या जागी शाल्मली बेंद्रेने नवे आणले होते, आणि अध्यक्ष भास्करराव टिकेकर ते पाडायला टपले होते.

"नव्या प्रतिमानानं जुन्या कसोटी-मंडलाचं जुनंच उत्तर दिलं पाहिजे," ते म्हणाले. "हा या समितीचा पहिला नियम."

ते कसोटी-मंडल त्यांनीच तरुणपणी आखलेले. पेसमेकरांत आणि जीव वाचवणाऱ्या इतर यंत्रांतही तेच बसवलेले असे. त्यामुळे त्याला कोणी नावे ठेवली की घरच्या लेकीला ठेवल्यासारखे त्यांना झोंबे.

"मंडल काम करत असताना उत्तर तेच येतं, सर. मी ते नुसतं थांबवून ठेवलं. वीज चालू, काम काही नाही. संगणकातली सात वर्षं सरली आणि ते मेलं."

सगळे हसले. काही कामच न करणारे मंडल संगणकात कोण चालवून पाहतो? सरळ रेघ पाहण्यासाठी संगणक राबवण्याची या धंद्यात पद्धत नाही.

समितीतले हृदयतज्ज्ञ डॉ. काझी मात्र हसले नाहीत. "जरा समजावून सांगा."

"ट्रान्झिस्टरची उघडमीट होत राहिली, की साचलेला ताण मधूनमधून उतरतो. एकाच अवस्थेत ताटकळत ठेवला, तर ताण साचतच जातो. मग ऐन वेळी तो हलत नाही. जुन्या प्रतिमानात हे म्हातारपण धरलेलंच नाही. म्हणजे दुबळ्या हृदयाला रोज ठोके देणारा पेसमेकर टिकेल. धोका आहे तो..."

"ज्याचं हृदय सुधारलंय त्याला," काझी हळू आवाजात म्हणाले.

भास्कररावांनी छातीवर थाप मारली. "बारा वर्षं माझा पेसमेकर इथं आहे. रोज टेकडी चढतो मी! हाताच्या कांकणाला आरसा कशाला?"

"त्यानं शेवटचा ठोका कधी दिला, सर?"

"गरजच पडत नाही त्याला. काझीच सांगतात, गेली नऊ वर्षं..."

त्यांचे वाक्य अर्धेच राहिले. त्यांनी काझींकडे पाहिले.

"मी दर वर्षी बॅटरी बघतो," काझी ओशाळून म्हणाले. "ठोका द्यायला कधी लावलं नाही. चांगल्या चाललेल्या हृदयाला डिवचायचं कशाला, असं वाटायचं."

प्रयोगशाळेत तपासणी-यंत्र होतेच. काझींनी त्याची चकती भास्कररावांच्या छातीवर टेकवली. नाडी अडुसष्ट होती. त्यांनी पेसमेकरला नव्वदचा हुकूम सोडला. सगळे पडद्याकडे बघत राहिले. आकडा अडुसष्टच राहिला. काझींनी पुन्हा हुकूम सोडला. अडुसष्टच.

भास्कररावांना भीती वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी. "म्हणजे मी इतकी वर्षं कोणाच्या भरवशावर टेकडी चढत होतो?"

"तुमच्या स्वतःच्या," काझी म्हणाले.

भास्कररावांनी हात वर केला. "नवं प्रतिमान मंजूर. आजपासून. आणि शाल्मली, तू... बरं केलंस."

एवढे बोलून ते खुर्चीत बसले ते घामाने डबडबूनच. ज्या हृदयाने नऊ वर्षे दगा दिला नव्हता, ते नेमके आता अडखळले. पडद्यावर बावन्न आले, मग चव्वेचाळीस.

रुग्णवाहिका लगेच आली. आत काझी एका बाजूला, शाल्मली भास्कररावांचा हात धरून दुसऱ्या बाजूला. "बाहेरून ठोके द्यायचं यंत्र काढा!" काझी ओरडले. सोबतच्या मदतनीसाने भिंतीवरचे यंत्र झटक्यात उतरवले आणि पट्ट्या छातीला चिकटवल्या. यंत्रावरचा हिरवा दिवा छान तेवत होता.

भास्कररावांनी डोळे उघडले. "हे... शेवटचं कधी वापरलं होतं?"

"एकदाही नाही, काका!" मदतनीस अभिमानाने म्हणाला. "आमच्या गाडीवर तशी वेळच आली नाही कधी. पण आठ वर्षांत एक दिवस बंद ठेवलेलं नाही बघा. कायम सज्ज!"

शाल्मलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मदतनीसाने बटण दाबले.