डाव्या चाकावरचं वजन

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही घटना खरी आहे, आणि जिच्यासोबत घडली ती माझी चुलत बहीण उज्ज्वला सहजासहजी घाबरणारी बाई नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. या जानेवारीतली भर दुपार होती आणि जागा होती केजमधलं त्रिंबक मिस्त्रीचं गॅरेज.

उज्ज्वला व्हॅन चालवते. गावातल्या सहा मुलींना रोज अंबाजोगाईला कॉलेजात नेते-आणते. एसटी तासांच्या वेळेला पोचत नाही. ही व्हॅन आहे तोवर त्यांचं कॉलेज आहे.

त्या दुपारच्या पंधरा दिवस आधी मुलींना सोडून ती रिकामी परत येत होती. रस्त्याच्या कडेला एका बाईनं हात केला. उज्ज्वलानं ब्रेक दाबला आणि डावं चाक खड्ड्यात आदळलं.

त्याच वेळी डावं दार उघडून लागल्याचा आवाज आला...

सीटवर कुणी नव्हतं.

रस्त्यावरही कुणी नव्हतं.

तेव्हापासून व्हॅन डावीकडे ओढू लागली. त्रिंबकनं पुढचे शॉकअप, स्प्रिंगा, लोअर आर्म, सगळं नवं टाकलं. चाकांची अलाइनमेंट झाली. मशीनवर आकडे बरोबर आले. तरी रस्त्यावर व्हॅन डावीकडे ओढायचीच. एकदा तर मुली बसलेल्या असताना नालीपर्यंत गेली.

"सोमवारी गाडी सरळ चालली तर ठीक. न्हाई तर पोरगी घरी," अंजूच्या वडिलांनी सांगून टाकलं. बाकीच्यांनीही मान डोलावली.

घरी बसलेल्या मुलीला महिनाभरात बघायला पाहुणे येतात. उज्ज्वलाचं दहावीनंतर तेच झालं होतं.

शनिवारी ती पुन्हा गॅरेजवर जाऊन उभी राहिली.

त्रिंबकनं चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून पाहिली. उजवीकडे चार बोटं. डावीकडे... दोन.

त्यानं स्प्रिंगा खोलल्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे बसवली. पुन्हा मोजलं.

डावीकडे दोनच.

"ताई, अलाइनमेंटच्या दिवशी दोन्हीकडं चार बोटं व्हती. मी सोता मोजली. पण तवा तुमी गाडी ठिवून घरी गेल्ता. आज तुमी हितंच हायत..."

बोलता बोलता तो थांबला. डाव्या काचेतून आत बघत राहिला.

रिकामी सीट मधोमध खोल दबलेली होती... माणूस बसल्यावर दबते तशी.

त्रिंबक चार पावलं मागं सरकला. "मी हात लावत न्हाई. इकून टाका ही गाडी. न्हाई तर उतारा करा."

घाबरली उज्ज्वलाही. पण भीतीपेक्षा तिला संताप जास्त आला. आपल्या पोरींनी शिकायचं की नाही, हे आता ही कोण कुठली बाई ठरवणार?

"उतारा कावून करू? बसलीय तर बसू द्या. तिच्या वजनासगट अलाइनमेंट करा."

"ताई, असं कुणी करतं का?"

"माझ्यासाठी करा. सोमवारी सहा पोरी न्यायच्यात मला."

त्रिंबकनं केली. सगळं होईपर्यंत त्यानं डाव्या काचेकडे एकदाही पाहिलं नाही.

सोमवारी व्हॅन सुतासारखी सरळ गेली. अंजूचे वडील मोटारसायकलवर अर्ध्या रस्त्यापर्यंत मागं आले आणि परत फिरले. मुली मागं बसत. पुढच्या सीटवर उज्ज्वला कुणाला पिशवीसुद्धा ठेवू देत नव्हती.

दहा-बारा दिवस बरे गेले.

मग एका सकाळी, अंबाजोगाईच्या अलीकडे, व्हॅन उजवीकडे ओढू लागली...

उज्ज्वलाला लगेच कळलं. पुढचं वजन उठलं होतं.

मागं मुलींच्या गप्पा बंद झाल्या होत्या.

तिनं आरशात पाहिलं. अंजू आणि संस्कृती, दोघी सीटच्या दोन टोकांना सरकल्या होत्या. त्यांच्या मधे एका माणसाएवढी जागा... आणि ती दबलेली.

उज्ज्वलानं गाडी कडेला घेतली. मागं वळली. आवाज चढा होता.

"पोरींच्या वाटंला जायचं न्हाई. गुमान पुढं येऊन बस."

दार उघडलं नाही. कुणी हललं नाही.

फक्त व्हॅनचं पुढचं डावं अंग हळूच खाली बसलं...

व्हॅन आजही धावते. सहाही मुली कॉलेजात जातात. ही बाई शेवटी उतरणार कुठं, असं मी उज्ज्वलाला विचारलं.

"तवाचं तवा बघू. आधी पोरींचे पेपर होऊ दे," ती म्हणाली.

तेव्हापासून मला दोनदा अंबाजोगाईला जायचं काम पडलं. दोन्ही वेळा उज्ज्वलानं सांगितलं, चल, पुढच्या सीटवर नको, मागं बस. दोन्ही वेळा मी एसटीनं गेलो.