टाकी तीनदा चाखते

बाई दारात आली तेव्हा तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. भाच्याला हसू आलं. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि हसू घशातच विरलं.

"आत्याबाई, आज दुपारी माझ्या नवऱ्याला टाकी गिळणार आहे," ती म्हणाली.

भाचा म्हणजे चाळिशी उलटलेला, डोक्यावरचे केस उडालेला औषधविक्रेता. काळीज सशाचं, स्वतःच्याच दुकानातली सुई दिसली की डोळे मिटून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, तुम्हीच उचला. त्याची आत्या विमा कंपनीत तपासनीस होती. निवृत्तीनंतर ती लोकांच्या घरच्या भानगडी सोडवायची आणि भाचा तिची गाडी हाकायचा.

बाईने सांगितलं ते ऐकून त्याची पाचावर धारण बसली. तिचा नवरा रंगाच्या कारखान्यात होता. तिथे जमिनीत पुरलेली एक मोठी टाकी होती. पंधरवड्यातून एकदा तळाचा गाळ खरवडायला एक माणूस आत उतरायचा. कोण उतरणार हे तीन वर्षांपासून चिठ्ठी टाकल्यासारखं ठरे. सहा कामगार आपापला पितळी बिल्ला एका डब्यात टाकत आणि मुकादम त्यातला एक काढी. गेल्या साली उतरलेला एक जण वर आला तो दोरीला लोंबकळत, श्वासाविना. त्याचाही बिल्ला आधी सलग तीनदा निघाला होता म्हणे. आता तिच्या नवऱ्याचा तीनदा निघाला होता. आज चौथी वेळ.

"टाकी तीनदा चाखते, चौथ्यांदा गिळते. ह्यांच्यातले सगळ्यांत म्हातारे कामगार, दादा, म्हणतात तसं. सकाळी ह्यांनी लेकीला कपाटाची किल्ली कुठे असते ते दाखवलं, आत्याबाई. मुकादमाचं आणि ह्यांचं वाकडं आहे. तोच काहीतरी करतोय."

गाडीत भाच्याने हुशारी दाखवली. सहांत एक, असं तीनदा. म्हणजे दोनशे सोळांत एक. लबाडीच असणार.

"पहिला बिल्ला कोणाचाही निघू दे," आत्या म्हणाली. "पुढचे दोन त्याच्यासारखे निघायला हवेत. छत्तिसांत एक. आणि डबा हलतोय तीन वर्षं, बहात्तर वेळा. एवढ्यात कोणाचाच सलग तीनदा निघाला नसता, तर मी भुवया उंचावल्या असत्या."

"मग आता चौथ्यांदा तरी नाहीच निघणार. सुटला बिचारा."

"बिल्ल्याला आठवण नसते रे, शहाण्या."

मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "मग माझ्या नवऱ्याचं काय?"

"इतरांइतकंच. सहांत एक."



टाकी दोन मजली घराएवढी होती, पण तोंड जेमतेम खांद्यांएवढं. भाच्याने वाकून पाहिलं. आतून आंबूस, थंड हवा वर आली आणि त्याला वाटलं, कोणीतरी खालून आपला वास घेतंय. तो तीन पावलं मागे सरला ते थेट मुकादमाच्या पायावर.

मुकादम तोंडाने फटकळ निघाला. हो, बाईच्या नवऱ्याशी भांडण आहे, पाळी बदलण्यावरून. पण बिल्ला आपण तोंड फिरवून काढतो, सगळ्यांसमोर. आणि त्या मेलेल्याचा बिल्ला सलग निघाला हे झूट. मधे दुसरे दोघे उतरले होते. "पण दादांनी सांगितलं की आपल्यालाही तसंच आठवायला लागतं," असं म्हणून तो ओशाळा हसला. दादांची पुण्याई मोठी. तीन वर्षांत एकदाही बिल्ला निघाला नाही, म्हणून तर वरची दोरी त्यांच्याच हाती देतात. शुभ हात.

आत्याने मग सगळ्या कामगारांशी हात मिळवले. नवऱ्याचा हात बर्फासारखा गार होता, नखांच्या कडा निळ्या. गाळाचा रंग, तो म्हणाला; नख वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही. बाकीच्यांच्या नखांवरही कुठे गडद, कुठे पुसट निळं. दादा मात्र ऊबदार माणूस. त्यांच्या गोऱ्या, स्वच्छ हातांत हात देताच भाच्याला आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यासारखं वाटलं.

"भिऊ नकोस, बाळा," दादा नवऱ्याला म्हणत होते. "दोरी माझ्याकडे आहे. टाकीने माणूस निवडला की आपल्या हाती काय असतं?"

डबा आला. बिल्ला झाकल्या मुठीने टाकायचा अशी तिथली रीत होती, कोणाचा हात कापतोय ते दिसू नये म्हणून. पत्र्याच्या तळावर बिल्ला टण् वाजे आणि दर टण्‌ला भाच्याचे खांदे उडत. नवऱ्याला मूठ उघडायला दोनदा प्रयत्न करावा लागला. दादांची पाळी आली तेव्हा त्यांना खोकल्याची मोठी ढास लागली. रंगाच्या भुकटीने तिथे सगळेच खोकत. शेवटच्याचा बिल्ला वाजला आणि मुकादमाने तोंड फिरवून हात डब्याकडे नेला.

"थांबा," आत्या म्हणाली. "डबा इथे ओता."

फरशीवर बिल्ले पसरले. भाच्याने मोजले. पुन्हा मोजले. पाच.

"तुम्ही सगळे बघत बसलात, कोणाचा बिल्ला सारखा निघतो," आत्या शांतपणे बोलू लागली. "तो योगायोग होता, निव्वळ योगायोग. बघायचं होतं ते, कोणाचा कधीच निघत नाही. बहात्तर वेळा सुटका होणं म्हणजे पाच लाखांत एकदा. त्याला तुम्ही पुण्याई म्हणालात आणि वर दोरी हातात दिलीत. बिल्ला निघाला की बाकीचे झडप घालून आपापला उचलतात, तेव्हा मोजतो कोण? नखं मी बघितली. पण स्वच्छ नखं म्हणजे फक्त बरेच महिने आत गेलेला नाही, एवढंच. खोकला आला तेव्हा टण् ऐकू आलं नाही. तेही एकदा चालून गेलं असतं. पण टाकी माणूस निवडते ही गोष्ट कोणी पसरवली? सगळ्यांनी टाकीकडे बघावं, डब्याकडे बघू नये, असं कोणाला वाटत होतं? दादा, मूठ उघडा."

दादांनी मूठ उघडली. बिल्ला घामाने चमकत होता.

मुकादमाने हात उगारला तो नवऱ्यानेच धरला. दादा खाली बसले. तीन वर्षांपूर्वी, डब्याची रीत सुरू होण्याआधी, आत त्यांचा श्वास अडकला होता, ते पुटपुटले. वरचा उजेडाचा गोल रुपयाएवढा होत होत विझला होता. त्यानंतर डब्यावर मूठ कधी उघडलीच नाही. गेल्या साली दोरी हातातच सैल पडली, तेव्हाही बिल्ला खिशात होता.

"त्या दिवशी सहावा बिल्ला आत असता, तर?" एकाने विचारलं.

आत्या म्हणाली, "तर कोणाचा निघाला असता ते कोणीच सांगू शकत नाही. ह्यांनाही ते कधी कळणार नाही. तेवढी शिक्षा पुरे आहे की नाही ते तुम्ही ठरवा. आधी टाकीत तासभर पंखा सोडा. माणसाला वाफ मारते, बिल्ला नाही."

पंखा घरघरून थांबला. या वेळी उघड्या तळहातांनी सहा बिल्ले टाकले गेले. सहा वेळा टण्. मुकादमाने एक काढला, वाचला, आणि वाचूनही बोलेना.

नवऱ्याचाच होता.

बाईने भाच्याचं मनगट असं धरलं की त्याला हाड मोडल्यासारखं वाटलं. आपण सकाळपासून ऐकलेलं सगळं गणित त्याच्या डोक्यातून पाण्यासारखं गळून गेलं. चौथ्यांदा. टाकी बघत होती.

दादा उठले. मुकादमाच्या बोटांतून बिल्ला काढून त्यांनी नवऱ्याला परत दिला आणि दोरी स्वतःच्या कमरेला बांधायला घेतली. गाठ काही बसेना. शेवटी नवऱ्यानेच ती बांधली.

"आज दोरी तू धर, बाळा," दादा म्हणाले. मग हळूच, "धरशील ना?"

 नवऱ्याने दोरी तळहाताला दोन वेढे दिले.

खाली फावडं खरवडत होतं. मधेच ते थांबे, आणि वर उभे असलेले सगळे श्वास रोखत; दोरीला हिसका बसला की सोडत. भाच्याने आत्याला कुजबुजत विचारलं, हाही योगायोगच का? सहांत एक, ती म्हणाली. पण तिच्या पदराचं टोक पिळून पिळून दोरखंडासारखं झालं होतं.

दोरी ताणली. पुन्हा ताणली. टाकीच्या काठावर आधी एक हात आला, मग दुसरा. धापा टाकणारा म्हातारा काठ सोडायला तयार नव्हता.

दहाही नखं निळी झाली होती.